पिंजलेलं धोकडं

त्या हिवाळ्यात बडनेऱ्यातल्या लोकांनी आपापल्या गाद्या फाडल्या.

इंग्रजी अठराशे पासष्ट साल नुकतंच लागलं होतं. सात समुद्रांपलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसातच लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि मुंबईचे लोक वऱ्हाडातला कापूस मिळेल तसा उचलत होते. शेतातला संपत आला तशी लोकांची नजर अंथरुणांवर गेली. उशा गेल्या, लोड गेले, बाळंतिणीखालची गादीसुद्धा गेली. काढलेला तो काळपट कापूस नव्या कापसात मिसळायचा आणि वर चांगल्या रुईचा थर द्यायचा, ही बाजारातली रीतच होऊन बसली. माणसं तरटावर कुडकुडत झोपत आणि सकाळी उठून हुशारीच्या गप्पा मारत.

कुर्बान पिंजाऱ्याचं मात्र या हंगामाने हसं केलं. गाद्याच उरल्या नाहीत, तर पिंजायचं काय? त्याचं पिंजण भिंतीवरच्या खुंटीला लटकून राहिलं. माणसाच्या उंचीचं लाकूड, त्यावर ताणलेली आतड्याची तांत आणि ती छेडायचा लाकडी ठोकळा. चाळीस वर्षं ते खांद्यावर घेऊन तो अंजनगावापर्यंत हिंडला होता. तांतीचा तुंय-तुंय आवाज आला की बायका गादी काखेत मारून दारात यायच्या. आता तो ओट्यावर बसून आपल्याच तळहातांकडे पाहत राही. चाळीस वर्षं राबलेल्या हातांना अचानक सुट्टी मिळाली, की ते हात कुठे ठेवायचे हेच माणसाला कळत नाही.

घर चालत होतं ते त्याच्या अठरा वर्षांच्या पोरावर, शफीकवर. शफीकने अंगणात नऊ चरख्या मांडल्या होत्या. खेड्यांतून कापूस आणायचा, नऊ बायकांनी चरखीत घालून सरकी वेगळी करायची आणि राहिलेली रुई धोकड्यांत भरून बाजारात न्यायची. धोकडं म्हणजे पुरुषभर उंचीचं तरटाचं पोतं. ते आढ्याला टांगून शफीक आत उतरायचा आणि पायांनी रुई तुडवायचा. तासाभरात पोटऱ्यांत गोळे यायचे, नाकातोंडात तंतू जायचे. पण त्याच्या मालात पाला नसे, पाणी मारलेलं नसे आणि जुन्या गादीचा एक बोळा नसे. प्रत्येक धोकड्यावर तो काजळी आणि तेल कालवून बाळबोध अक्षरांत स्वतःची खूण काढी. अशी अक्षरं काढणारा दुसरा माणूस बाजारात नव्हता.

कारण हा पोरगा शाळेत जात होता. अमरावतीच्या सरकारी शाळेत, तेही वरच्या वर्गात. बडनेऱ्याहून तीन कोस. दिवस उगवता चरख्या चालू करून द्यायच्या, तीन कोस चालायचं, शिकायचं, तीन कोस परत यायचं आणि धोकड्यात उतरायचं. त्याची आई कुलसुमबी भाकरी बांधून देई, ती तो चालता चालताच खाई.

वर्गात त्याची जागा दाराशी होती. त्याच्या डोक्यात कापूस असे म्हणून.

"शफीक, बाहेर जाऊन अंग झटकून ये," वामनराव मास्तर म्हणाले.

"झटकून आलो मास्तर."

"मग केसांत हे काय?"

"थे निघत नाई. कापसात काम करतो मी."

मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाज काढला, "तुंय, तुंय." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही. वामनराव पुण्याकडचे. मनाने वाईट नव्हते. शफीकचं अक्षर त्यांना आवडत असे आणि म्हणूनच त्यांना त्याचा जास्त राग येई.

"येत्या गुरुवारी शाळाखात्याचे डिपोटी साहेब परीक्षा घ्यायला येताहेत," ते म्हणाले. "पास होतील त्यांना अकोल्याच्या मास्तरकीच्या वर्गात घेणार. तुझं नाव मी यादीत घातलंय. पण एक काय ते ठरव. बाजार हवा की शाळा?"

"दोनी."

"दोन्ही मिळत नसतात."

"थे पाहू ना मास्तर. अकोल्यालेबी कापसाचा बाजार हाये."

वर्ग पुन्हा हसला. शफीकचे कान तापले. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने शाळेत जाताना अंग झटकणंच सोडून दिलं. केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणींत रुई घेऊन तो ताठ मानेने दाराशी बसू लागला.

असा हा ताठ पोरगा एका जागी मात्र वाकला, आणि ते सांगायलाच हवं. मंगळवारी मुंबईच्या खरेदीदारांचा पारखी त्याचं अंगण पाहायला येणार होता. या माणसाने माल पसंत केला की खुणेला नाव मिळणार होतं. अंगण झाडून झालं, चरख्या पुसून झाल्या. शफीकची नजर भिंतीवर गेली.

"अब्बा, हे पिंजण आतमंदी ठेवू का?"

"काहून?"

"पारखी येऊन राहिला. पिंजण पाह्यलं का त्याले वाटन, इथं गाद्यायचा धंदा हाये. जुनं मिसळत असतीन."

कुर्बानने तांतीकडे पाहिलं. "ठेव," तो म्हणाला.

कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. शाळेत नाव घालताना बापाचा धंदा विचारला, तेव्हाही शफीकने 'कापसाचे व्यापारी' असंच सांगितलं होतं. वर्गातला तुंय-तुंय त्याच्या छातीत रुतून बसला होता. त्याने स्वतःच्या हातांनी पिंजण खुंटीवरून काढलं आणि आतल्या खोलीत कणगीमागे उभं केलं. कुलसुमबी चुलीशी होती. तिने पाहिलं आणि फुंकणी जरा जोरात खाली ठेवली.

पारखी आला, रुई बोटांत ओढून पाहून खूश झाला. "गुरुवारी सकाळी माल बाजारात आणा," म्हणाला. "माझ्यासमोर धोकडी फोडू, मग पुढचं बोलू."

गुरुवार. परीक्षाही गुरुवारीच.

"तू जाय शाळेत," कुर्बान म्हणाला. "मी हावो ना. माल घेऊन मी जातो."

बुधवारी शफीक शाळेतून आला, तेव्हा भरायचं राहिलेलं शेवटचं धोकडं भरून, शिवून तयार होतं. कुर्बानच्या कपाळावर घाम होता आणि फार दिवसांनी चेहऱ्यावर हसू होतं. शफीकचे पाय भरून आले होते. त्याने विचारपूस केली नाही. तरटावर खूण काढली आणि भाकरी खाऊन पुस्तक घेतलं.

गुरुवारी डिपोटी साहेब खुर्चीवर बसले. गोरेपान, थकलेले, नाकावर चष्मा. यादीतली नावं एकेक करून पुकारली जात होती. शफीकच्या आधी चार जण उरले होते, तेव्हा शाळेच्या आवारात बाईमाणसाचा आवाज आला.

"शफीक! ओ शफीक!"

चरखीवरच्या बायकांतली सगळ्यांत थोरली, मनकर्णाबाई. पदर खोचलेला, धाप लागलेली. फाटकाबाहेर नत्थुजी गाडीवानाची गाडी उभी, बैलांच्या तोंडाला फेस.

"काय झालं काकू?" शफीक दारातून ओरडला.

"तुह्या बापाले चोर म्हणून राहिले रे बाजारात! धोकड्यात जुनी गादी निघाली म्हणते. पंजाबराव दलालानं चार मानसं बलावली. म्हाताऱ्याले बसवून ठेवलं खाली, तोंडातून शबुद काढू देत नाईत. आमी नऊ जनींनी हंगामभर हात सोलून घेतले, थे का गादी होती?"

वर्ग पुन्हा हसला. शफीक उठला.

"पाऊल बाहेर टाकलंस तर यादीतून नाव जाईल," वामनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, काळजीही होती.

"नाव काहून जाईन मास्तर? मी येऊन राहिलो ना वापस." मग डिपोटी साहेबांकडे वळून तो म्हणाला, "साहेब, माहा बाप चोर नाई. थे सांगून येतो. माहा नंबर ठेवा." उत्तराची वाट न पाहता तो गाडीत चढला.

बडनेऱ्याच्या बाजारात गर्दी जमली होती. मधोमध एक धोकडं फोडलेलं. आतली रुई फुगून, भुरभुरत बाहेर आली होती. धोकड्यातली रुई अशी नसते, ती दाबलेली, लांब तंतूंची असते. ही मऊ, मोडलेली, गादीत भरतात तशी होती. बाजूला मातीत कुर्बान बसला होता, गुडघ्यांत मान घालून. दलाल पंजाबराव आपल्या बैठकीच्या जाड गादीवर मांडी ठोकून होता. त्याचाही माल त्या दिवशी पारख्यापुढे यायचा होता.

"या मास्तर," पंजाबराव शफीकला पाहून म्हणाला. "पिंजाऱ्याचं पोट्टं शायेत गेलं त काय होते, हे पाहून घ्या. गाद्या भरता भरता आता धोकडीबी गाद्यायनंच भरून राहिला."

पारख्याचा चेहरा कोरा झाला होता, आणि ते वाईट होतं.

शफीकने ती रुई हातात घेतली. वासाला नवी होती. पाहता पाहता त्याला सगळं कळलं. तो बापाशेजारी उकिडवा बसला.

"अब्बा. हे तुमी पिंजलं?"

कुर्बानने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "हाव. एकच धोकडं. बुधवारी तू शायेत होता, तवा."

"काहून पण?"

"आपल्या खुणेचा माल. कच्चा कसा द्याचा रे? जलमभर मी कोनाच्या घरी कच्ची रुई देल्ली नाई. मले वाटलं, मुंबईवाला हात लावन त म्हनन, वा, काय पिंजलं हाये. तुह्यं नाव होईन." त्याने भोवतीच्या माणसांकडे हात केला. "मी यायले सांगून राहिलो होतो का नवाच कापूस हाये, म्या पिंजला. त हे हासून राहिले."

शफीकला आधी बापाचा संताप आला. मग स्वतःची लाज वाटली, आणि ती जास्त झाली. ज्या हातांना त्याने कणगीमागे ढकललं होतं, त्या हातांनी गुपचूप त्याचंच नाव मोठं करायला घेतलं होतं.

"काकू," तो उठून म्हणाला, "घरून पिंजण आना. कणगीमांगं उभं हाये."

"इथं?" मनकर्णाबाईने विचारलं.

"इथंच. भर बाजारात."

पिंजण आलं. कुर्बान उठायला लागला, तसा शफीकने त्याला खांद्याला धरून बसवलं. "तुमी बसा. तुमी केलं त हातचलाखीनं जुनं मिसळलं म्हनतीन. मीच करतो." शाळेचा धुतलेला सदरा घालून, केसांत कालचीच रुई घेऊन तो मातीत गुडघे टेकून बसला. आपलं न फोडलेलं दुसरं धोकडं त्याने पारख्याच्या हातांनीच फोडून घेतलं. पारख्याने रुई बोटांत ओढून पाहिली. नवी, लांब, कच्ची.

"हे पसंत हाये ना साहेब? आता पाहा."

त्याने ठोकळा तांतीवर मारला. तुंय. बाजारात कुणीतरी खुदकन हसलं. शफीकने आणखी जोरात मारला. लहानपणी बापाजवळ बसून शिकलेलं हात विसरले नव्हते. तांत रुईत शिरत होती, रुई उडत होती, फुलत होती. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, तो थांबला नाही. पाव घटकेत त्याच्या पुढ्यात मऊ, मोडलेला, भुरभुरीत ढीग पडला. त्याने त्यातली मूठभर आणि बापाच्या धोकड्यातली मूठभर पारख्याच्या दोन हातांत ठेवली.

"सांगा, यातली गादी कोनती?"

पारख्याने दोन्ही मुठी उन्हात धरल्या, नाकाशी नेल्या. त्याला फरक सांगता येईना.

"असं पोट्टं रात्रभर करून दाखवन," पंजाबराव म्हणाला. "जुन्याचंबी असंच होते."

"होते? चला पाहू." शफीक ताडकन उठला आणि पंजाबरावच्या बैठकीशी गेला. "जरा उठा बरं दलाल."

"काय?"

"उठा म्हनलं. तुमची गादी जुनीच हाये ना?"

पंजाबराव उठेना, तेव्हा शफीकने तो बसला होता त्याच गादीचा कोपरा दातांनी उसवला आणि मूठभर कापूस ओढून काढला. तांतीखाली तो आला मात्र, काळ्या धुळीचा लोट उठला. पुढचे लोक शिंकू लागले. पारख्याने रुमाल नाकाला लावला. कापूस नव्यासारखा फुललाच नाही, काळपट गुठळ्या होऊन पडला.

"जुनं असं बोलते," शफीक म्हणाला. "पिंजाऱ्याले इचारा, थो सांगन."

पारख्याने त्यातली एक गुठळी बोटांत चुरडली. मग म्हणाला, "पोरा, तुझा माल घेतला. पण हे पिंजलेलं धोकडं परत ने. गिरणीच्या यंत्राला पिंजलेला तंतू चालत नाही, तुटतो." नंतर तो पंजाबरावच्या रांगेकडे वळला. "आता तुमची धोकडी फोडू. वरून नको, तळातून."

पंजाबरावचं तोंड पाहायला शफीक थांबला नाही. त्याने ते धोकडं नत्थुजीच्या गाडीत टाकलं आणि बापाला हात दिला.

"चला, अब्बा."

"कोठी?"

"परीक्षेले. पिंजण घ्या संगं."

निम्म्या वाटेवर, जिथे रेल्वेच्या भरावासाठी माती खणून खड्डे केले होते, तिथे समोरून दमणी येताना दिसली. आत डिपोटी साहेब आणि त्यांना पोचवायला निघालेले वामनराव मास्तर. परीक्षा संपली होती.

शफीकने गाडीतून उडी मारली आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून दमणीच्या बैलांची वेसण धरली.

"साहेब, माहा नंबर राह्यला."

"शफीक, वेड लागलंय का?" वामनराव म्हणाले. "गैरहजर लागला तुला. बाजूला हो."

"मी येतो म्हनून सांगून गेलो होतो. आलो. तुमीच निघाले." त्याने वेसण सोडली नाही. "साहेब, इथंच इचारा. नाई आलं त नापास करा. पण इचारल्याबिगर नाई."

डिपोटींनी चष्मा वर केला. समोर घामाने निथळणारा, डोक्यापासून पायापर्यंत कापसाने माखलेला पोरगा. मागे पिंजण खांद्यावर घेतलेला म्हातारा. त्यांना हसू यावं की राग, हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नसावं. शेवटी त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं.

"वाच."

शफीकने वाचलं. घशात तंतू होते, दोनदा खोकला आला, तरी शब्द चुकला नाही.

"पूर्णा कोणत्या नदीला मिळते?"

"तापीले."

"आता लेखन. पाटी?"

पाटी शाळेत राहिली होती. शफीकने इकडेतिकडे पाहिलं, गाडीतल्या परत आलेल्या धोकड्याचं सुटलेलं तरट ओढून काढलं, कमरेची काजळीची डबी आणि बाभळीची काडी काढली आणि रस्त्यात मांडी घातली. "सांगा."

"पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरते, म्हणून दिवस व रात्र होतात."

तरटावर काळीभोर, टपोरी अक्षरं उमटली. वामनराव वाकून पाहत होते. त्यांच्याच्याने राहवलं नाही. "अक्षर चांगलं आहे," ते हळूच म्हणाले.

डिपोटींनी यादी गुडघ्यावर उघडली. "नाव, गाव आहे. बापाचा धंदा?"

"कापसाचे व्यापारी," वामनरावांनी यादीतलं वाचून सांगितलं.

"खोडा थे," शफीक म्हणाला. "म्या खोटं सांगतलं होतं. पिंजारी लिवा."

मागे कुर्बानने पिंजण एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आणि अकोल्याला निवड झालीच," डिपोटी लिहिता लिहिता म्हणाले, "तर हा बाजार सोडशील?"

"नाई."

"डोक्यात असा कापूस घेऊन वर्गात बसशील?"

"हाव. दाराशी बसवलं तरी बसीन."

डिपोटींनी यादीत एक रेघ मारली. मग वामनरावांकडे न पाहताच ते म्हणाले, "गैरहजर खोडलंय. हजर." त्यांनी ते तरट घडी करून पिशवीत घातलं. "निकाल अकोल्याहून कळेल."

दमणी धूळ उडवत बडनेऱ्याकडे गेली. रस्ता मोकळा झाला. शफीक गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसला.

कुर्बान गाडीतल्या फाटक्या धोकड्याकडे पाहत होता. वरचं तरट गेल्यामुळे त्याची पिंजलेली रुई वाऱ्यावर उडू पाहत होती. ती तो हातांनी आत दाबत होता.

"याचं आता काय करतं रे?" त्याने विचारलं. "बाजारात त कोनी घेत नाई."

"इकाचं नाई थे," शफीक म्हणाला. "घरी जाऊन गादी भरा त्याची. अकोल्यात थंडी गंज पडते म्हनते, मले झोपाले लागन."

"अन् निकाल?"

"तुमी गादी भरा ना अब्बा."

कुर्बान गाडीत चढून बसला. बैल चालू लागले, तसं त्याने पिंजण मांडीवर आडवं घेतलं, तांत बोटाने ताणून पाहिली आणि ठोकळा मारला. बाजूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांनी मान वर करून पाहिलं. अख्खं बडनेरं गाद्या फाडत होतं, त्या दिवशी संध्याकाळी एका घरात नवी गादी भरली गेली.